तुसाची राखुंडी

आमच्या सोसायटीत कोळसा करायला बंदी आहे. हा ठराव माझ्यामुळे झाला. गच्चीवर पत्र्याच्या डब्यात मी भाताचं तूस जाळत होते आणि तिथे वाळत घातलेल्या सगळ्यांच्या चादरींना धुराचा वास लागला. पुढच्या मीटिंगला सेक्रेटरींनी सर्वांसमोर विचारलं, "मॅडम, तुमी एवढ्या शिकलेल्या, घरात गॅस आहे, मग कोळसा कशाला?" स्वयंपाकासाठी नाही, पाण्यातलं शिसं काढण्यासाठी, असं मी सांगायला लागले तर लोक हसले. माझा नवराही हसला. तो कमिटीवर होता, त्यामुळे ठराव त्यानेच टाइप केला.

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. आधीची बरीच वर्षं तळोज्याला एका कारखान्याच्या लॅबमध्ये काढली होती. सांडपाण्याच्या बाटल्या यायच्या, मी त्यातले धातू मोजायचे आणि आकडे वहीत उतरवायचे. ते आकडे पुढे कुणी वाचायचं की नाही, देव जाणे. एक दिवस कंटाळून सोडलं आणि नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले. तिथे पीएच.डी. नसेल तर पुढे काही नाही, असं दर वर्षी सांगायचे. म्हणून उशिरा नाव नोंदवलं. गाइड माझ्याहून बारा वर्षांनी लहान. विषय मी निवडला होता: शेतीच्या कचऱ्यापासून कोळसा करून पाण्यातलं शिसं काढणं. मोजून मोजून थकलेल्या बाईला एकदा तरी काहीतरी काढून टाकायचं होतं, एवढंच त्यामागे होतं.

तूस म्हणजे साळीवरचं टरफल, गिरणीत भात कांडल्यावर ढिगाने उरतं ते. ते उघड्यावर जाळलं की पांढरी राख होते आणि कमी हवेत धुमसत ठेवलं की काळा कोळसा राहतो. तो कोळसा कॉलेजच्या भट्टीत वाफ सोडून पुन्हा तापवायचा, म्हणजे त्याच्या अंगाला डोळ्याला न दिसणारी असंख्य भोकं पडतात. बाजारात यालाच अॅक्टिव्हेटेड कार्बन म्हणतात. शिशाचं पाणी त्यातून सोडलं की शिसं भोकांत अडकून राहतं आणि पाणी खाली निघून येतं. कागदावर हे फार सोपं आहे. माझ्या हातून मात्र दर वेळी राखच व्हायची.

कॉलेजच्या ऑफिसात एक क्लार्क होता, शिरवण्याचा. मूळ गावातलाच, सरळ आणि मदतीला तयार. माझी रडकथा ऐकून म्हणाला, "मॅडम, टेन्शन कशाला घेताय? आमच्या मागं जुनी पडवी आहे, चूल पन आहे. आई एकटीच असते दिवसभर. तिकडं या जाळायला." मी त्याच रविवारी गेले. पुढे चार मजली इमारत, खाली भाडेकरूंची दुकानं, आणि मागे एवढ्याशा जागेत पत्र्याची पडवी, एक बाव, एक शेवग्याचं झाड. बाव म्हणजे विहीर, हे मला तिथे कळलं. नवी मुंबईसाठी गावाच्या जमिनी गेल्या, पुढे ही इमारत उठली, तरी क्लार्कच्या आईने एवढा तुकडा कुणाला बांधू दिला नव्हता.

तिला मी मावशी म्हणायला लागले. साठीची, अंगाने बारीक, आवाजाने खणखणीत. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यावर बसून माझा उद्योग बघत राहिली. मी डब्याला भोकं पाडून, घड्याळ लावून, वहीत वेळ लिहून तूस पेटवलं. अर्ध्या तासाने डबा उघडला तर आत पांढरी राख. ती हसली नाही. उठली, आतून एक जुनं मडकं आणलं, तूस त्यात हाताने दाबून दाबून भरलं, वर झाकण म्हणून मातीचं परळ ठेवलं आणि कडेने ओल्या मातीने लिंपून टाकलं. मग ते चुलीच्या निखाऱ्यात बसवलं आणि मला म्हणाली, "आता गप बस. झाकन उगरायचं नाय. पांढरं झालं का गेलं. कालंच ऱ्हायला पायजे."

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?"

"मना ठाव नसंल तं कोनाला? सगल्या गावाचे दात मी घासलंय." तिची आई, तिची सासू, सगळ्या याच रीतीने राखुंडी करायच्या. तूस काळं जाळून, पाट्यावर वाटून, थोडं मीठ घालून. वर्षाची राखुंडी एकदम व्हायची आणि शेजारीपाजारी पुड्या जायच्या. आता गावात भात नाही तर तूस कुठलं. पण तिच्या माहेरी, पनवेलच्या पलीकडे, अजून थोडा भात लावतात. तिथून ती दर वर्षी एक गोण तूस मागवून घेते. सगळे पेस्टने दात घासतात, ही एकटी काळ्या बोटाने.

मडकं गार झाल्यावर तिने लिंपण फोडलं. आतलं तूस जसंच्या तसं, टरफलाचा आकारसुद्धा मोडलेला नाही, फक्त काळंभोर. तीन महिने मी ज्याच्यासाठी इंग्रजी पेपर चाळत होते, ते या बाईने एका मडक्यात आणि मूठभर मातीत करून दाखवलं होतं. प्रबंधात मी त्याला काय म्हटलं, तर "पारंपरिक मर्यादित-हवा पद्धत". तिचा उल्लेख आभारात आहे, "शिरवणे येथील एक ज्येष्ठ महिला" असा. हे लिहिताना मला बरंच मोठं मन दाखवल्यासारखं वाटलं होतं.

मग दर रविवारी सकाळी मी शिरवण्याला जायला लागले. दीड वर्ष जात राहिले. ती मडकी लावायची, मी वाटायचे, चाळायचे, डब्यात भरायचे. डबे श्रीखंडाचे. आमच्या घरी श्रीखंड फार, आणि तो रिकामा डबा टाकवत नाही, ही आमच्या घराण्याची सवय. मावशी चहा करायची, भाकरी आणि सुकटीची चटणी द्यायची आणि मला चिडवायची. "गो बाय, एवरी शिकलीस आनी शेवटी कोलसाच वाटतंस." मीही तिला चिडवायचे, की मावशी, कॉलेजने खरं तर तुम्हालाच डिग्री द्यायला पाहिजे. ती म्हणायची, "दे, दे. भितीला लावतंय." त्या घरात मला बरं वाटायचं. माझ्या स्वतःच्या घरात मला इतकं बरं फार क्वचित वाटलंय.

तिला माझ्या कामाचं कौतुक होतं, पण ते काय आहे हे कळायला हवं होतं. एकदा तिने विचारलं, "ह्या कोलशाचं करतंस काय?" मी सांगितलं, हा पाण्यातलं विष ओढून घेतो, पाणी शुद्ध होतं. तिचा चेहरा बघून मला आणखी चेव आला. मी म्हटलं, "नुसतं पाणीच नाही मावशी. कुणी चुकून विष प्यालं ना, तर दवाखान्यात असलाच कोळसा पाजतात. पोटातलं विष ओढून घेतो."

"पोटातलं पन?"

"पोटातलं पण," मी म्हटलं. मास्तरणीला श्रोता मिळाला की ती थांबत नाही. विष ओढून घेतो हे मी सांगितलं. ओढलेलं विष मग जातं कुठे, हे तिने विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

तिच्या बावीचं पाणी मी पहिल्याच महिन्यात तपासलं होतं. औद्योगिक पट्टा इतका जवळ, म्हणून मनात धाकधूक होती, आणि खरं सांगायचं तर थोडी आशाही होती. पाण्यात शिसं सापडलं असतं तर प्रबंधाला वजन आलं असतं. काही सापडलं नाही. मग मी लॅबमध्ये नेहमी करतात तेच केलं. शिशाच्या क्षाराची बाटली मागवली, स्वच्छ पाण्यात तो विरघळवला आणि तेच शिसं मावशीच्या कोळशाने पुन्हा काढलं. दर वेळी जास्त शिसं, दर वेळी जास्त यश. वापरून झालेला कोळसा गाळायचा, वाळवायचा, डब्यात भरायचा. नवा कोळसा श्रीखंडाच्या डब्यात आणि वापरलेलाही श्रीखंडाच्या डब्यात, फक्त वर इंग्रजीत चिठ्ठी. खाण्याच्या डब्यात रसायन ठेवायचं नाही, हे मी मुलांना पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगते. दर वर्षी सांगते.

मग कॉलेजात तपासणी समिती येणार म्हणून कपाटं रिकामी करायचा हुकूम निघाला. असा कचरा रीतसर घेणारी जागा तळोज्याला आहे हे मला तिथल्या नोकरीपासून माहीत होतं. पण फॉर्म भरा, फोन करा, प्राचार्यांची सही घ्या. आणि मी प्रबंधाच्या शेवटच्या अध्यायात अडकलेली. म्हटलं, चार दिवस मावशीच्या पडवीत ठेवू. पिशवीत घालून डबे नेले आणि फळीवर लावले. मावशीला म्हटलं, "हे असू द्यात इथे." ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. जागा काय खातंय?" चार दिवसांचे पाच महिने झाले.

त्याच काळात मावशीच्या सुनेला दिवस राहिले. क्लार्कची बायको, बँकेत काम करणारी, कमी बोलणारी मुलगी. लग्नाला सात वर्षं झालेली. त्याआधी दोन वेळा राहिलं नव्हतं, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे या वेळी घरात सगळे पाय न वाजवता चालायचे. चौथा महिना सरला, पाचवा सरला. मावशी मडकं लिंपताना मध्येच हात जोडायची, कुणाला ते माहीत नाही. मला म्हणाली, "या वेलंला ऱ्हानार. माजं मन सांगतंय." सातव्यात डोहाळजेवण करायचं ठरलं, मला बोलावणं आलं, आणि कधी नव्हे ते मी साडी घेतली.

डोहाळजेवणाच्या आधीच्या रविवारी मी गेले तेव्हा सून मागच्या पायरीवर ऊन खात बसली होती. तोंडात बोट होतं. मला बघून हसली, आणि तिचे दात काळे होते.

"पेस्टचा वास सहन होत नाय मॅडम," ती जरा लाजून म्हणाली. "उलटी होते. आई म्हनाल्या राखुंडी लाव. आता याचीच सवय लागली. चव पन आवडते. कधी कधी चिमूटभर खाते मी."

तिच्या शेजारी पायरीवर स्टीलची छोटी डबी होती. मी उचलली, बोटाने पूड घासून बघितली. इतकी बारीक राखुंडी पाट्यावर होत नाही. ती माझ्या चाळणीतून आलेली होती.

"मावशी," मी हाक मारली. "ही कुठली?"

मावशी पदराला हात पुसत बाहेर आली. "तुजीच हाय गो. माजी सरली. औंदा जालली ती सगली तुनाच दिली नाय? म्हनून त्या डब्यातली घेतली. तुजी लय बारीक, हिरडीला लागत नाय." आणि मग आवाज खाली आणून, जसं काही गुपित सांगावं तसं म्हणाली, "आनी तूच बोल्लीस ना, पोटातलं विष ओढतंय. दोन येला तिच्या पोटात काय इपरीत झालं कोनाला ठाव. म्हटलं, या वेलंला आतनं साफ ऱ्हाईल."

मी फळीकडे गेले. एक डबा अर्ध्याहून रिकामा होता. चिठ्ठी माझ्या अक्षरातली, इंग्रजीत, ठळक. मी कधीपासून म्हणून विचारलं. तिसऱ्या महिन्यात पेस्टने उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा मावशीने आपली राखुंडी दिली. ती पाचव्या महिन्याच्या सुरुवातीला संपली. म्हणजे दोन महिने, रोज सकाळी, आणि चव आवडते म्हणून मधेच कधी.

तिथे, त्या क्षणी, मी सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर म्हटलं, "मावशी, याला ओल लागलीय. खराब झालंय हे. वापरू नका." सगळे डबे आणि ती स्टीलची डबीसुद्धा पिशवीत भरली आणि निघाले. मावशी मागून म्हणाली, "च्या तरी घेऊन जा." मी थांबले नाही. जुईनगरला घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर धरून होते, आणि माझ्या डोक्यात सुनेचा विचार दुसरा होता. पहिला विचार असा होता, की हे बाहेर आलं तर माझ्या प्रबंधाचं काय होईल. हे लिहायला मला सव्वा वर्ष लागलं आहे, म्हणून लिहितेच.

सोमवारी लॅबमध्ये डब्यावरचा नंबर वहीशी ताडून बघितला. सगळ्यात जास्त शिसं धरलेली ती खेप होती, माझी सगळ्यात यशस्वी खेप. तरीही मी स्वतःची समजूत घालत होते. कोळशाने शिसं घट्ट धरलंय, ते सुटणार नाही, पोटातून जसंच्या तसं बाहेर पडेल. मग मी प्रबंधाचा पाचवा अध्याय उघडला. तो मीच लिहिलेला आणि मला सगळ्यात आवडणारा होता. त्याचा विषय असा की वापरलेला कोळसा फेकायची गरज नाही. सौम्य आम्लात थोडा वेळ ठेवला की जवळजवळ सगळं शिसं सोडून देतो आणि पुन्हा वापरता येतो. माणसाच्या जठरात असतं तसलंच आम्ल मी घेतलं होतं. सोबत आलेख होता, सुरेख चढत जाणारा. गाइडने समासात लिहिलं होतं, उत्तम. मी त्या आलेखाकडे बघत बसले.

मंगळवारी मी काही केलं नाही. दोन तास शिकवलं, मीटिंगला बसले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "आता डबा तर तू आणलास. पुढचं थांबलंय. सांगून काय मिळणार?" तो वाईट माणूस नाही. मला हवं तेच तो बोलला, म्हणून मला त्याचा इतका राग आला.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी ऑफिसात गेले. क्लार्क डबा खात होता. मला बघून त्याने खुर्ची सरकवली, "बसा ना मॅडम, आईने वालाचं बिरडं दिलंय." मी बसले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, पाचव्या अध्यायासकट. मला वाटलं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त डब्याचं झाकण लावलं आणि विचारलं, "मॅडम, आज बुधवार. तुमाला रविवारीच कळलं होतं ना?"

मी हो म्हटलं.

त्याच दुपारी तो बायकोला घेऊन गेला. रक्त तपासलं. आकडा मला त्याने मोबाइलवर दाखवला, डॉक्टरांनी त्याच्याभोवती लाल गोल काढला होता. मावशीचंही रक्त शुगर तपासायची म्हणून काढून घेतलं. तिचंही वाढलेलं होतं, पण डॉक्टरांना काळजी तिची नव्हती. सातव्या महिन्यात शिसं काढायचं औषध देणं धोक्याचं, ते म्हणाले. कॅल्शियम द्या, लोह द्या, आणि वाट बघा. पुढचं मला त्यांच्याकडून ऐकायची गरज नव्हती. शिसं हाडात जाऊन बसतं. शरीर त्याला कॅल्शियम समजून जागा देतं. आणि पोटातल्या बाळाची हाडं होताना आईच्या हाडांतून कॅल्शियम निघतं, तेव्हा त्याच्याबरोबर तेही निघतं आणि बाळाच्या वाढत्या मेंदूला, कानांना पहिला धक्का देतं. मुलांना हे शिकवताना मी फळ्यावर बाण काढते.

दुसऱ्या दिवशी क्लार्क माझ्या स्टाफरूमच्या दाराशी आला. आत आला नाही. "बायकोला सांगितलंय," तो म्हणाला. "आईला सांगनार नाय. तिने स्वतःच्या हाताने दिलंय. तिला कळलं तर ती जगनार नाय, मॅडम. तुमी पन सांगू नका. आनी घरी येऊ नका आता. मी सांगीन, काम संपलं म्हनून." मी मान हलवली. डोहाळजेवणाची साडी अजून कपाटात आहे, तिची घडी मोडलेली नाही.

वापरलेला कोळसा मी त्याच आठवड्यात तळोज्याला रीतसर देऊन आले. एक फॉर्म, दोन फोन, प्राचार्यांची सही. सगळं मिळून अर्धा दिवस लागला.

प्रबंध मी दिला. मागे घेतला नाही, पाचवा अध्याय काढला नाही. व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक त्याच अध्यायावर जास्त बोलले. मी सगळ्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली. नवऱ्याने दारावर नवी पाटी लावली, नावाआधी 'डॉ.' अशी. सेक्रेटरींनी पेढे घेताना, ठराव मागे घ्यायचा का, म्हणून विचारलं, आणि सगळे हसले. मीही हसले. मला स्वतःची किळस येते हे मी कुणाला कसं सांगणार होते? ज्या अंगणात शिसं नव्हतं, तिथे मी ते बाटलीतून विकत आणून नेलं, पिशवीत घालून, स्वतःच्या हाताने. पाणी शुद्ध करण्याच्या माझ्या सगळ्या कामाचा माणसांना झालेला उपयोग एवढाच.

मुलगी झाली, हे मला ऑफिसातल्या पेढ्यांवरून कळलं. क्लार्कने ट्रे माझ्यापुढेही धरला. वजन जरा कमी होतं, तो इतरांना सांगत होता, पण बाकी ठीक. तो अजूनही मला गुड मॉर्निंग म्हणतो, माझे अर्ज वेळेवर पुढे पाठवतो. त्याच्या सभ्यपणाचा मला जेवढा त्रास होतो, तेवढा कुणाच्या शिव्यांचा झाला नसता.

गेल्या महिन्यात, रविवारी सकाळी, दाराची बेल वाजली. मी उघडलं तर मावशी. लिफ्टची भीती वाटते म्हणून चार जिने चढून आलेली, धापा टाकत. हातात फडक्यात बांधलेला स्टीलचा मोठा डबा. पत्ता तिने कसा शोधला, तर जुईनगर स्टेशनापासून विचारत विचारत, "कोलसावाली म्याडम कंय ऱ्हाते" असं. आणि लोकांनी सांगितलं.

मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. ती सोफ्याच्या कडेला टेकली. पाणी पिऊन झाल्यावर तिने डबा माझ्यापुढे सरकवला आणि चक्क हात जोडले.

"गो बाय, माजं चुकलं," ती म्हणाली. "तुना इचारल्याबिगर डब्यातलं घेतलं. तुजं मेहनतीचं. तू रागावलीस, येनं सोरलंस. पोरगा बोल्तंय काम सपलं, पन मना काय कलत नाय? दीर वर्स तू आमच्यात जेवलीस, आनी एक दिस च्या न घेता गेलीस ती गेलीस." तिने डोळे पुसले. "मी नवीन तूस आनलं, जाललं, वाटलं. कापरातून गालून घेतलंय, तुज्यासारकं बारीक. घेतलं व्हतं तेवरं हाय. मोजून नाय, पन जास्तीच हाय. आता राग सोर. घरात लेकरू हाय. कोनाचं न इचारता घेतलेलं त्याच्या अंगावर नको."

मी डब्याचं झाकण उघडलं. आत काळी, मऊ, वासालासुद्धा स्वच्छ राखुंडी होती. पांढरा कण नव्हता. मी तिच्या पाया पडायला हवं होतं, सगळं सांगायला हवं होतं, आणि मी क्लार्कला शब्द दिला होता. त्या शब्दाआड लपायला मला सोपं जात होतं, हेही खरं.

"मी रागावले नाही मावशी," एवढंच मी म्हटलं.

"मंग ये ना घरी. बाल बगायला आली पन नायस." तिचा चेहरा एकदम खुलला. नातीचं बोलताना ती पुढे सरकून बसली. "लय गुनाची हाय गो. माजा पोरगा झाला तवा त्यानं मना रात्रंदिस जागवलं. ही नाय. वरीस होयल आता, पन रडनं नाय, हट नाय. जिथं ठेवलं तिथं. सगली बोल्तात, असं शांत बाल बगलं नाय." तिने कौतुकाने मान हलवली. "आपल्याच नादात असते. हाक मारली तरी वलून बगत नाय."

मी डब्याचं झाकण लावलं. "चहा ठेवते," म्हटलं, आणि आत गेले.